दिव्याखाली माणूस नाही

दिवेलागण होऊन तास उलटला तरी फ्रान्सिसची बोट आली नव्हती आणि वारा वाढतच चालला होता. तेरेसा सरकारी धक्क्यावर एकटीच उभी होती. इतकी वर्षं फ्रान्सिस, तिचा नवरा, इथल्या पिवळ्या दिव्याच्या रोखानेच बोट आत आणायचा. गेल्या आठवड्यात तो काढून वीज वाचवणारा नवा दिवा बसवला होता. खाली कुणाची हालचाल असली तरच तो पुरता उजळायचा, नाहीतर विझल्यासारखा मिणमिणत राहायचा.

तिने वायरमन प्रल्हादला फोन लावला. "आजच्यापुरता चालू ठेव रे बाबा."

"मावशी, सरकारी नियम आहे. माणूस नसताना उजेड कशाला?"

"मानूस दर्यात हाय," ती म्हणाली.

"नियम तो नियम, मावशी," म्हणत त्याने फोन ठेवला.

मग तीच दिव्याखाली येरझाऱ्या घालू लागली. पाय भरून आले तेव्हा तिने जपमाळ काढली, गुडघे टेकले आणि डोळे मिटले. तिसऱ्या मण्यावरच पापण्यांपलीकडे अंधार झाला. मेल्या दिव्याला तेवढंही खपत नव्हतं. ती उठली, आणि देवाची माफी मागून चालता चालताच तिने पुढचा मणी ओढला.