लाल चिठ्ठीची गाठोडी

रुग्णालयाच्या तळघरात धुलाईखातं होतं. तिथल्या मुकादमबाईंना सगळ्या ‘वहिनी’ म्हणत, कारण त्यांची नणंद तिथेच कामाला होती आणि ती तशी हाक मारायची. नणंदेचा नवरा गेल्यावर तिला वहिनींनीच घरी आणलं होतं, साहेबांच्या हातापाया पडून कामालाही लावलं होतं.

वॉर्डांतून चादरी यायच्या. संसर्गाच्या रोग्यांच्या गाठोड्यांवर लाल चिठ्ठी असे. त्यांत कधी रक्त, कधी ओकारी, कधी चुकून राहिलेली सुई. चौदा वर्षांत वहिनींनी ‘तू उघड’ असं कुणाला म्हटलं नाही. हातमोजे चढवायच्या, पहिलं गाठोडं स्वतः सोडायच्या. मग बाकीच्या सहाजणी आपसूक पुढे यायच्या.

एकदा नणंदेच्या बोटात सुई घुसली. तपासण्या होईपर्यंत तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. थोडक्यात निभावलं. वहिनी साहेबांकडे तीनदा गेल्या. चादरी वॉर्डातच झटकून पाठवा, एवढंच मागणं. साहेबांनी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. शेवटी सातजणींनी ठरवलं, साहेब खाली येऊन बघेपर्यंत लाल गाठोड्यांना हात लावायचा नाही.

“वहिनी, तू फक्त पुढे उभी राहा,” नणंद म्हणाली. “आम्ही आहोत ना मागे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब खाली आले. वहिनी गाठोड्यांपुढे हाताची घडी घालून उभ्या.

“हे एकट्या तुमचं म्हणणं, की सगळ्यांचं?”

“सगळ्यांचं. विचारा की.”

साहेबांनी बाकीच्यांकडे पाहिलं. मग नणंदेने हातमोजे चढवले, वहिनींना वळसा घालून ती पुढे आली आणि तिने पहिलं गाठोडं सोडलं. तिच्यामागून दुसरी आली. मग तिसरी. वहिनींकडे कुणीच बघितलं नाही.

आठवड्याभरात नणंद मुकादम झाली. साहेब खाली आले त्याच्या आदल्या संध्याकाळीच त्यांनी तिला बोलावून मुकादमीचा शब्द दिला होता.

“मला सांगायचंस तरी,” घरी वहिनी म्हणाल्या. “मी आपणहून खुर्ची सोडली असती.”

“तुझ्याकडून किती घ्यायचं मी? घर तुझं, नोकरी तुझ्या वशिल्याची. एक तरी गोष्ट माझी नको?”

“आणि त्यासाठी मला एकटीला उभं केलंस?”

नणंद पाणी भरायला निघून गेली.

वहिनींनी बदली मागून घेतली आणि वॉर्डात आया म्हणून लागल्या. रोज सकाळी प्रत्येक चादर स्वतः झटकायच्या, सुया वेचून डब्यात टाकायच्या, मगच गाठोडं बांधायच्या. कुणाला काही सांगायला गेल्या नाहीत. महिनाभरात त्या मजल्यावरच्या आया बघून बघून तसंच करू लागल्या. मग इतर मजल्यांवरच्याही.

वर्ष सरलं. एका संध्याकाळी जेवताना नणंद भावाला सांगू लागली, “दादा, आज साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी आल्यापासून सुया यायच्या बंद झाल्या म्हणाले.”

त्याला खरं काय ते ठाऊक होतं. त्याने बायकोकडे पाहिलं. “अगं, हिला काही सांगितलंच नाहीस का?”

“तिला माहीत आहे,” वहिनी म्हणाल्या. “गाठोड्यावरची माझी गाठ ती ओळखते. तिला बांधायला मीच शिकवलीय.”

नणंदेने मान वर केली नाही. भात कालवत राहिली.

वहिनींनी आपलं ताट उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्या. एका घरात राहूनही त्या दोघी पुन्हा कधी एकत्र जेवल्या नाहीत.