उसनं बोट

मी ग्लुकोमीटर बोलतोय. तळहातावर मावेन एवढा आहे. माझं काम म्हणाल तर बोटावरचा रक्ताचा एक थेंब घ्यायचा आणि साखर किती ते सांगायचं. खोटं मला बोलता येत नाही. पण माझ्याकडून खोटं बोलवून घेण्याचा प्रयत्न मात्र झाला. त्याचीच ही गोष्ट.

मला विकत घेतलं ते जुळ्या बहिणींतल्या थोरलीने. थोरली म्हणजे फक्त सात मिनिटांनी! दोघी इतक्या सारख्या, की आरशालाही चकवतील. थोरली शिवणकाम करायची, धाकटी टपाल वाटायची. त्यांच्या आईला मधुमेह होता. पन्नाशीच्या आत तो थोरलीलाही झाला. धाकटी मात्र निर्धास्त. "मी दिवसभर पायपीट करते, मला काय धाड भरलीय?" म्हणायची आणि घरोघरी मिळणारा गोड चहा बिनघोर प्यायची.

डॉक्टरबाईंनी थोरलीला आठवडाभर रोज सकाळी उपाशीपोटी साखर मोजायला सांगितली. पहिले चार दिवस मी एकशे सत्तरच्या आसपास आकडे दाखवले. थोरलीचा चेहरा पडला. गोळ्या वाढणार, या धास्तीने तिला एक युक्ती सुचली. पाचव्या दिवशी धाकटी कामावर निघताना डोकावली.

"चहाबिहा झाला का गं?" थोरलीने विचारलं.

"नाही अजून. का?"

"मग तुझं बोट दे जरा. आपण एकाच साच्यातल्या. कोणाला कळतंय?"

"लहानपणी माझ्या वाटचा मार खाल्लास, तो आज वसूल करतेस होय!" धाकटीने हसत बोट पुढे केलं. मी आकडा दाखवला, एकशे एकोणीस. थोरलीने टाळीच वाजवली. पुढचे दोन दिवसही तोच खेळ, तेवढाच आकडा.

डॉक्टरबाईंनी माझ्यातले आकडे पाहिले आणि चष्मा वर केला. "एका रात्रीत पन्नासने उतरली? बोट कोणाचं होतं?"

थोरलीने मान खाली घालून सगळं सांगितलं. बाई पोट धरून हसल्या आणि मग एकदम थांबल्या. "अहो, तुमच्यासाठी हा आकडा चांगला असेल. पण जिला काही झालेलं नाही, तिच्यासाठी तो जास्त आहे. बहिणीला घेऊन या."

प्रयोगशाळेतल्या तपासणीतही तेच निघालं. धाकटी मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी होती.

"म्हणजे माझ्या नशिबी आहेच म्हणा," ती पुटपुटली.

"तसं नाही. याला एकच जनुक कारण नसतं, कितीतरी जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. तुम्हा दोघींची ती सारखीच, म्हणून धोका मोठा. पण गाडी उतारावर असली तरी ब्रेक तुमच्या पायाखाली आहे. चालण्याने तो आजवर दाबलाच गेला असेल. आता खाण्यापिण्याकडेही बघा. शिवाय वेळेत कळलंय."

बाहेर येताच थोरलीला रडू फुटलं. "माझ्यापायी गं..."

"तुझ्यापायी? सात मिनिटं आधी आलीस म्हणून काय साखर तू पेरलीस?" धाकटीने तिचे डोळे पुसले. "उलट तुझ्या लबाडीने मी वाचले."

तेव्हापासून धाकटीचा चहा बिनसाखरेचा झाला. थोरली रोज सकाळी शिलाई मशीन बंद ठेवून तिच्याबरोबर टपालाची अर्धी फेरी चालू लागली. पत्र नेमकं कोणाकडून घ्यायचं, हेच लोकांना कळेना! वर्ष सरलं. धाकटीचा आकडा सत्त्याण्णववर आला, थोरलीची एक गोळी निम्मी झाली. त्या दिवशी दोघींनी डॉक्टरबाईंच्या दारातच फुगडी घातली.

आता माझी काच चरे पडून धूसर झालीय. कपाटात नवा मीटर येऊन बसलाय. मला वाईट वाटत नाही. एवढंच सांगतो, तुमच्या आईवडिलांना किंवा भावाबहिणीला मधुमेह असेल, तर दुखण्याची वाट न पाहता तपासून घ्या. एका थेंबाचंच तर काम आहे.

आत्ता दोघी फिरायला बाहेर पडल्यात. खिडकीतून थोरलीचा आवाज येतोय, "अगं, थांब की जरा! पळतेस काय?"

धाकटी थांबत नाहीये. नुसती हसतेय.