न पेटणारा दिवा

नीला सबनीसच्या दिव्याचं वैशिष्ट्य असं, की तो पेटत नसे. ही सोय तिनं मेहनतीनं केली होती. सेल संपलेला, बल्ब होल्डरमध्ये अर्धवट फिरवलेला, आणि वायरीच्या टोकावरचं प्लास्टिक तसंच ठेवलेलं. दर शुक्रवारी सातवीसमोर असं काहीतरी बिघडलेलं ठेवायचं आणि मुलांनी दोष शोधायचा. मुलं भांडत, घामाघूम होत आणि कधीमधी विज्ञानही शिकत.

प्रिन्सिपल कुमुदबाईंना तो तास चाचणीच्या उजळणीसाठी हवा होता.

"अगं, पालक विचारतात, मुलांना बिघडलेलंच का दाखवता? फी तर आपण चालू सामानाची घेतो."

शेवटी तोडही बाईंनीच काढली. राजधानीतच, द्वारकेला आंतरराष्ट्रीय विज्ञान महोत्सव भरत होता, तिथे देशोदेशीचे शिक्षक आपापल्या वर्गातले प्रयोग मांडणार होते. नीलानंही मांडावा. चार लोकांना पटला तर शुक्रवार तिचा, नाहीतर उजळणीचा. बघायला बाई स्वतः येणार होत्या.

मेट्रोच्या तपासणीत वायरी बघून जवानानं विचारलं, "मॅडम, ये क्या है?"

"बल्ब है. जलता नहीं."

"तो ले क्यों जा रही हो?"

कुमुदबाईंचंही नेमकं हेच म्हणणं होतं.

ब्लू लाइनवर नीला प्रत्येक स्टेशनला खोक्याचं झाकण उघडून पाही. धक्क्यांनी काही सुधारलं तर नाही ना? शेजारची बाई हळूच सरकून बसली.

महोत्सवात दिवा टेबलावर मांडून झाला, पण नीलाचा पाय काही एका जागी ठरेना. बाई आल्या का बघायला ती दारापर्यंत गेली, परत आली, चहा घेतला, तो कुठेतरी ठेवून विसरली, पुन्हा दाराशी गेली. तिच्या डोक्यात एक गोष्ट आली नाही. ते सभागृह विज्ञानशिक्षकांनी भरलेलं होतं, आणि साहेब तपासणीला यायचे असताना न चालणारा प्रयोग या माणसांना बघवत नाही. कुणाचा का असेना! प्रत्येकाच्या पिशवीत एक स्क्रू ड्रायव्हर असतोच.

नीलाचं नाव पुकारलं गेलं. दुसऱ्या रांगेत कुमुदबाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आता मी स्विच दाबते," नीला म्हणाली, "आणि काय होतं ते नीट बघा."

दिवा पेटला. लख्ख. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"वा!" कुमुदबाई मोठ्यानं म्हणाल्या. "एका झटक्यात! मग याला अख्खा तास कशाला लागतो गं?"

नीलानं दिव्याकडे बोट दाखवलं. "याला कुणी हात लावला?"

सोलापूरचे पद्माकर सर उभे राहिले. चेहरा आभार स्वीकारायच्या तयारीत. "मॅडम, सेल डाऊन होता तुमचा. माझा घातला. परमुलखात आपल्या माणसाची फजिती कशी बघायची?"

"मग पेटला?"

"नाही ना. म्हटलं, आपल्याच हातून काही बिघडलं. गुपचूप सटकलो."

केनियाच्या एका बाईंनी छातीवर हात ठेवून कबूल केलं, की बल्ब त्यांनी घट्ट केला. पेटला नाही, तेव्हा त्याही सटकल्या होत्या. शेवटी रोहतकचे एक सरजी उठले. "तार मैंने छीली जी. जलते ही मैं तो निकल लिया. नेकी कर, दरिया में डाल."

नीलानं सभागृहाकडे पाठ केली. पद्माकर सरांचा सेल काढून आपला संपलेला परत बसवला आणि वळून स्विच दाबला. अंधार.

"एक दोष आहे. शोधा."

सूत्रसंचालक धावत आला. "मॅडम, चीफ गेस्ट आ रहे हैं! प्लीज, कुछ जलता हुआ दिखाइए!"

एवढं ऐकल्यावर कोण बसून राहतंय? टेबलाभोवती हीऽ गर्दी झाली. सरजी तारेवरून केनियाच्या बाईंशी हुज्जत घालू लागले, ते हरियाणवीत आणि त्या इंग्रजीत. पद्माकर सर "सेल माझा आहे, एकदम नवा!" असं शपथेवर सांगत होते, त्यामुळे सेलकडे कुणी बघेनाच.

दुसऱ्या रांगेत कुमुदबाईंची पर्स या मांडीवरून त्या मांडीवर गेली, मग पुन्हा या मांडीवर. प्रिन्सिपल व्हायच्या आधी बाई फिजिक्स शिकवायच्या, हे शाळेतही फारसं कुणाला आठवत नसे.

त्या उठल्या. "सरका बघू. अहो, ओढाओढ नको! आधी बल्ब दुसऱ्या सेलवर लावून बघा... पेटला? म्हणजे बल्ब निर्दोष. आता वायर."

चीफ गेस्ट आले, मागून गर्दीच्या पाठी पाहिल्या आणि पुढच्या दालनात गेले. नीला सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीवर टेकली.

"बाई, आपली वेळ संपली. सांगू का?"

"खबरदार!" कुमुदबाईंनी मान वर केली नाही. दातांत हेअरपिन धरून त्या वायर सोडवत होत्या. "आणि काय गं, शुक्रवारचा तुझा तास कितवा?"

"पाचवा."

"मला बोलाव."