सरावाच्या पापांची जाळी

मी जाळी बोलतेय. मासे पकडायची नव्हे हो, दुधाच्या कपाटाची. एका सुताराने मला चौकटीत ठोकलं आणि फादरांच्या स्वयंपाकघरात उभं केलं. माशा आणि मांजर यांना दुधापासून लांब ठेवायचं, एवढंच माझं काम. पंधरा वर्षं ते इमानेइतबारे केलं. मग कपाटाला वाळवी लागली, बाकीचं चुलीत गेलं आणि मी तेवढी भिंतीला टेकून राहिले.

तिथे मला बाईंनी पाहिलं. बाई म्हणजे रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या. पहिला ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी मुलांना फादरांपाशी पापांची कबुली द्यावी लागते, तीही जाळीआडून. "अगदी अशीच हवी होती!" म्हणत बाईंनी मला उचललं आणि दोन खुर्च्यांच्या मध्ये सुतळीने बांधलं. एका बाजूला बाई फादर होऊन बसायच्या, दुसऱ्या बाजूला मुलं गुडघे टेकायची. झाली माझी बढती!

आता आठ वर्षांची पोरं ती. ऐन वेळी त त प प करायची, रांग खोळंबायची. बाईंनी त्यावर तोडगा काढला. फळ्यावर पाच पापंच लिहून दिली. आईचं ऐकलं नाही, खोटं बोललो, भावंडांशी भांडलो, प्रार्थनेचा कंटाळा केला, न विचारता खाऊ खाल्ला. पाढ्यांसारखी पाठ करायची, अडखळला तर दहा वेळा लिहून आणायची. एका बहाद्दराने न लिहिताच "लिहिलीत बाई, वही घरी राहिली" असं ठोकून दिलं. त्या वर्षी अख्ख्या वर्गात तेवढं एकच पाप ताजं होतं.

फादर बिचारे दरवर्षी तीस तोंडांतून तीच पाच पापं ऐकायचे. त्यांचा आचारी म्हणायचा, त्या दुपारी त्यांना फार छान झोप लागते.

आणि यंदा ती आली. बाईंनी पहिल्याच रविवारी तिचं नाव वकिलीणबाई ठेवलं.

"भावंडांशी भांडले, म्हण," बाईंनी सांगितलं.

"बाई, मला भावंडंच नाहीत."

"चुलत असेल कोणी."

"आहे, पण तो पाळण्यात असतो."

"मग नुसतं खोटं बोलले म्हण!"

"पण मी या आठवड्यात बोलले नाही. आत्ता म्हटलं तर आत्ताच बोलल्यासारखं होईल ना?"

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. मला मात्र हसू आवरेना, माझी एक तार सुटून कुंईकुंई करायला लागली. "पाचही पापं घडाघडा आल्याशिवाय ख्रिस्तप्रसाद नाही. पुढच्या वर्षी बघू," बाईंनी निकाल देऊन टाकला.

दुसऱ्या रविवारी तिची आई धावत आली. मावशीने पांढरा फ्रॉक शिवून ठेवला होता, पाहुण्यांना बोलावणी गेली होती. आई माझ्यासमोरच लेकीला म्हणाली, "म्हणून टाक गं एकदाचं! तुझं काय जातंय?" पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला तो दिवस हवा होता हो, मनापासून हवा होता.

शेवटच्या सरावाला फादर स्वतः आले आणि बाईंच्या खुर्चीत बसले. मुलं लांब रांगेत, बाई माझ्या बाजूला कान देऊन उभ्या. चौदा पोरांची पाच-पाच पापं झाली. फादरांची मान छातीवर आली होती. मग ती आली, गुडघे टेकले आणि माझी सुटलेली तार बोटाने चाचपत राहिली.

"आईचं ऐकलं..." बाईंनी कुजबुजत सुरुवात करून दिली.

"फादर, माझ्या मैत्रिणीने मला सांगितलं होतं की ती अजून अंथरूण ओलं करते," पोर हळूच म्हणाली. "मी ते सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले, मीपण हसले. आता ती वर्गात येतच नाही."

"अगं, हे यादीत नाही!" बाई पुटपुटल्या.

फादरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मान केव्हाच सरळ झाली होती. "मला सांगितलंस, बरं केलंस," ते म्हणाले. "आता तिच्या घरी जा. तिलाही सांग." पोर उठली ती चपलासुद्धा न घालता पळाली.

पुढच्या रविवारी दोघी एकाच बाकावर होत्या. ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी फ्रॉकही झळकला. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी माझ्या भोकांतून काहीतरी खरं गेलं. आता बाई फळा पुसतील.

बाईंनी फळा पुसला नाही. नव्या वर्गासाठी त्याच्यावर सहावं पाप लिहिलं: मैत्रिणीचं गुपित फोडलं. आता तीस पोरं तेही घडाघडा म्हणतात. परवा एकाने विचारलं, "बाई, गुपित म्हणजे काय?"

"आधी पाठ कर," बाई म्हणाल्या.

मी आता गंजलेय, सुतळीही कुजत आलीय. माझी एकच विनंती आहे. कुणीतरी मला सोडवा आणि परत दुधाच्या नव्या कपाटाला लावा. तिथलं मांजर निदान आपलं पाप आपणच शोधून काढायचं.