नमुन्याची फेरी

गुरुवारी दुपारी दोनच्या हेमलॉक गाडीत व्हर्ना कोस्केला चढली तेव्हा आत दोनच प्रवासी होते. एक बाई खिडकीला डोकं टेकून झोपली होती आणि तिच्यामागे एक माणूस नवी बादली मांडीवर घेऊन बसला होता. चालक वेंडेल ट्रूडोने व्हर्नाच्या हातातलं पॅड पाहिलं आणि भुवया वर केल्या.

"आज आमची परीक्षा वाटतं. आधी सांगितलं असतंस तर काचा तरी पुसल्या असत्या."

"म्हणूनच सांगत नाही," व्हर्ना म्हणाली आणि दारासमोरच्या आसनावर बसली.

पोर्ट एडगरच्या बस कार्यालयात ती एकोणीस वर्षं आकड्यांचं काम बघत होती. काउंटीच्या गाड्यांतली भाड्याची यंत्रं इतकी जुनी होती, की त्यांच्या मोजणीवर खुद्द कार्यालयाचाही विश्वास नव्हता. त्यामुळे वर्षभरात किती लोक गाडीत चढले, हा वॉशिंग्टनला पाठवायचा आकडा नमुन्यावरून काढला जाई. संगणक चिठ्ठ्या उचलाव्यात तशा काही फेऱ्या निवडी, व्हर्ना त्या फेऱ्यांत बसे, प्रत्येक थांब्यावर चढणारे-उतरणारे मोजी आणि त्यावरून वर्षाचा हिशेब मांडी. कुठली फेरी निघाली आहे हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नसे, आणि त्या मोजणीची सगळी किंमत तेवढ्यावरच होती.

आकडा वॉशिंग्टनला गेला की तिथून आणि राज्याकडून पैसे येत. यंदा काउंटी मंडळाने त्याच आकड्याला आणखी एक काम लावलं होतं. हेमलॉकची दुपारची फेरी रिकामी धावते अशी तक्रार होती. या वर्षीच्या मोजणीत माणसं दिसली नाहीत, तर डिसेंबरपासून ती बंद होणार होती.

हेमलॉकमध्ये व्हर्नाची इल्मा आत्या राहायची. खाण बंद पडल्यावर गावातले अर्धे लोक पांगले. आत्या आणि तिचा नवरा राहिले, आणि नवरा गेल्यावर आत्या एकटी राहिली. तिचं वय आता एक्याऐंशी होतं. वसंतात डोळ्यांच्या डॉक्टरने गाडी चालवायला मनाई केली, तेव्हा तिने किल्ल्या स्वतःहून व्हर्नाच्या हातात ठेवल्या, पण घर सोडायचं नाव काढलं नाही. बस बंद झाली तर मात्र तिचा औषधांचा, बाजाराचा, दवाखान्याचा सगळा रस्ताच बंद होणार होता. पोर्ट एडगरच्या वृद्धांच्या इमारतीत तिच्यासाठी एक खोली नोव्हेंबरपर्यंत राखून ठेवलेली होती. ती खोली बघून आल्यावर आत्या एवढंच म्हणाली होती, की तिच्या खिडकीतून दुसरी खिडकी दिसते.

संगणकाने निवडलेली फेरी परतीची होती, हेमलॉकहून पावणेतीनला निघणारी. गाडी तिथे दहा मिनिटं थांबते. व्हर्नाने रविवारी नेहमीप्रमाणे आत्याला फोन केला, तेव्हा बोलता बोलता सांगून टाकलं होतं, की गुरुवारी बसने तिकडे येतेय, कॉफी करून ठेव.

गाडी शेवटच्या वळणावरून हेमलॉकच्या पोस्टासमोर आली आणि वेंडेलने शीळ घातली. पोस्टाच्या पायऱ्यांपासून चर्चच्या कुंपणापर्यंत माणसं उभी होती, ठेवणीतले कोट घालून. कुणी तरी गेलं, असंच व्हर्नाच्या मनात पहिल्यांदा आलं. मग तिला रांगेच्या तोंडाशी आत्या दिसली, हातात फडक्यात गुंडाळलेला निसूचा, म्हणजे वेलदोडा घातलेला गोड पाव घेऊन, आणि ही गर्दी कशासाठी आहे ते तिला कळलं.

"चला, चला, एकेक करून," आत्या मागच्यांना सांगत होती. "आणि सावकाश चढा, तिला मोजता आलं पाहिजे."

दारूच्या गुत्त्याचा मालक जीनो बर्टुची दुकानाला कुलूप लावून आला होता. चर्चमधल्या बायका खिमा-बटाटा भरून भाजलेल्या पास्ट्यांचा ट्रे घेऊन आल्या होत्या, आणि सारणात सलगम घालायचा की नाही यावर त्यांचं चढता चढताच वाजलं. एकाने कुत्रा आणला होता. त्याने विचारलं, हा धरायचा का मोजणीत? व्हर्ना नाही म्हणाली. मग याला फुकट ना, असं म्हणून तो मागे जाऊन बसला.

व्हर्नाने मोजलं. आसनं भरली, चौघं दांड्याला धरून उभे राहिले. ही गाडी इतकी भरलेली वेंडेलने कधी पाहिली नव्हती. तो आरशात बघून म्हणाला, की त्याला आधी कळलं असतं तर त्याने टाय बांधला असता.

आत्या व्हर्नाच्या शेजारी बसली आणि पाव उलगडायला लागली. वेलदोड्याचा वास सुटला.

"तुझ्याकडे स्वतःची गाडी असताना तू बसने कशाला येशील?" ती खालच्या आवाजात म्हणाली. तिला फार आनंद झाला होता आणि तो लपवायचा तिचा प्रयत्न होता. "मी डोळ्याने अधू आहे पोरी, डोक्याने नाही. रविवारी रात्रीच मी सगळ्यांना फोन केले. जीनोला तर दोनदा."

व्हर्नाने पाव घेतला. पुढच्या थांब्यावर कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. तिने तशी नोंद केली. प्रत्येक थांब्याशी पेन्सिल टेकवताना तिला कळत होतं, की या कागदाचा आता काही उपयोग नाही. माणसं खरी होती, प्रत्येकाने भाडंही टाकलं होतं. फक्त चिठ्ठी फुटली होती, आणि ती तिनेच फोडली होती.

पोर्ट एडगरला सगळे उतरले आणि कुठे जायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. परतीची गाडी पाचला होती. जीनो केस कापायला गेला तर न्हावी गुरुवारी अर्ध्या दिवसानेच बंद करतो असं कळलं. चर्चच्या बायकांना कापडाच्या दुकानात जायचं होतं. ते तीनपर्यंतच उघडं असे. पूर्वी खाणीत वीज बघणारा रेनो हापाला हा एकटाच माणूस खरं काम घेऊन आला होता. त्याला साखरेसाठी रक्त तपासायचं होतं. दवाखान्याची प्रयोगशाळा दुपारी बंद होते हे त्याला दारावरची पाटी वाचून कळलं. तो थांब्यावर परतला आणि एक पास्टी मागून घेऊन उभ्याउभ्याच खाऊ लागला.

व्हर्नाचं काम संपलं होतं. ती घरी जाऊ शकली असती. पण तिने नवऱ्याला फोन करून सांगितलं, की जेवायला उशीर होईल, आणि पाचच्या गाडीत त्या सगळ्यांबरोबर पुन्हा चढली. सरोवरावर अंधार उतरत होता. गाडी गावाबाहेर पडल्यावर ती दांडा धरून उभी राहिली आणि तिने सांगितलं, की आजची मोजणी धरता येणार नाही.

"म्हणजे आम्ही दिसलोच नाही?" जीनो म्हणाला. "दुकान बंद ठेवून आलो मी. तुमच्या वॉशिंग्टनला तीस माणसं कमी वाटतात का?"

"फेरी माहीत नसायला हवी होती," व्हर्ना म्हणाली. "मी आत्याला सांगितलं. चूक माझी आहे, तुमची नाही."

"मग तोंड मिटून बस. कोण विचारायला येणार आहे?"

"मला माहीत आहे ना."

जीनोने आसनाच्या पाठीवर हात आपटला आणि कुत्रा भुंकला. कुणी हसलं नाही. आत्या खिडकीबाहेर बघत होती, तिथे दिसण्यासारखं काही नसताना. मग ती व्हर्नाकडे न वळताच बोलली.

"ती खोली तू पाहिलीस ना?"

"पाहिली."

"आणि तरी."

आत्याने फडकं घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि पर्स बंद केली.

बोलला तो रेनो हापाला. तो एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने मागच्या आसनावरून विचारलं, की ही गाडी दुपारीच का सोडतात. व्हर्नाने सांगितलं, की खाण चालू होती तेव्हा पहिल्या पाळीच्या लोकांना घरी पोचवायला ती सुरू झाली होती. रेनो म्हणाला, ती पाळी संपून बावीस वर्षं झाली. उपाशी पोटी रक्त द्यायचं म्हणून मी काल रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं, आणि तुमची गाडी मला तिसऱ्या प्रहरी नेते. सकाळी गाडी असती, तर आत्याबाईंच्या फोनची मला गरज नव्हती.

मग चर्चच्या बायकांपैकी एक म्हणाली, की सकाळी असती तर मीही आले असते, महिन्यातून दोनदा तरी. दुसरीला बहिणीकडे जायचं असे. जीनो अजून रागात होता, पण दारूचं सामान सकाळी आणता आलं तर भाच्याचे पाय धरावे लागणार नाहीत, हे त्याने रागातच सांगितलं. वेंडेलने आरशातून व्हर्नाकडे पाहिलं.

"कारखान्याची सकाळची फेरी झाली की मी आठ ते दीड डेपोत बसून शब्दकोडी सोडवतो," तो म्हणाला. "हे मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नकोस."

हेमलॉक येईपर्यंत सगळे एकमेकांना तोडत बोलत होते. उतरताना आत्याने व्हर्नाचा हात धरला, कारण पायरी तिला दिसत नव्हती, आणि खाली पाय टेकताच सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी व्हर्ना कर्टिस ऑडेटच्या खोलीत गेली. कार्यालयाचा तो प्रमुख. वॉशिंग्टनला जाणाऱ्या आकड्याखाली, हा खरा आहे, अशी सही त्याची असे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे रेलवली.

"तीस माणसं बसली होती ना? तुम्ही त्यांना मनाने तर रचलं नाहीत."

"बसली होती. पण मी आमंत्रण दिल्यासारखं झालं."

"तुमच्या आत्याचं घर आहे तिथे."

"आहे. म्हणून तर मला नीट करायचंय."

कर्टिस माणूस वाईट नव्हता; त्याला फक्त शुक्रवारी कटकट नको असे. त्याने चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाला, ही फेरी बाद करा, का बाद केली ते स्वच्छ लिहा, आणि नवी निवडा. व्हर्नाने सकाळच्या गाडीचा विषय काढला तेव्हा त्याने आधी हात वर केले. नवी गाडी, नवा चालक, यांना पैसे कुठून आणायचे? ती म्हणाली, गाडी तीच आणि चालक तोच, फक्त वेळ वेगळी. तेव्हा त्याने हात खाली घेतले आणि वेंडेलचं वेळापत्रक मागवलं.

नवी फेरी निघाली ती पुढच्या आठवड्यातली, आणि व्हर्नाने ती नवऱ्यालाही सांगितली नाही. पावसात भिजलेल्या त्या दुपारी हेमलॉकहून दोन प्रवासी चढले. आत्या त्यांत नव्हती. त्यानंतरच्या दोन रविवारी आत्याने फोन उचलला, पण हवापाण्यापलीकडे बोलली नाही.

मंडळाची बैठक ऑक्टोबरच्या अखेरीस काउंटीच्या इमारतीत झाली. व्हर्नाने आकडा वाचून दाखवला. तो कमी होता आणि तिने तो कमीच सांगितला. बाद केलेली फेरीही तिने लपवली नाही; ती का बाद झाली हे सांगताना तिचे कान तापले आणि मागच्या बाकांवर कुजबुज झाली. मग कर्टिसने वेळ बदलण्याचा प्रस्ताव मांडला. हेमलॉकहून नऊला निघायचं, बाराला परत.

एका सदस्याने विचारलं, की दुपारी जे लोक बसत नाहीत ते सकाळी बसतील कशावरून?

हेमलॉकचे सहा-सात जण आले होते, जीनोच्या भाच्याच्या गाडीत दाटीवाटीने. त्यांच्यातून रेनो हापाला उठला. त्याने टोपी काढली.

"मी उपाशी पोटी तुमच्या गाडीत बसलो," तो म्हणाला. "प्रयोगशाळा बंद, पोटात कावळे, आणि परतीची गाडी पाचला. त्या बायकांनी पास्टी दिली नसती तर रुग्णवाहिकाच बोलवावी लागली असती, आणि मग तिचाही आकडा तुम्हाला वॉशिंग्टनला कळवावा लागला असता. मला सकाळी न्या. मी पैसे देऊन बसेन."

अध्यक्षबाई हसू दाबत कागदाकडे बघत राहिल्या. ज्याने प्रश्न विचारला होता तो म्हणाला, की एप्रिलअखेरपर्यंत चालवून बघायला त्याची हरकत नाही, पण मोजणी याच बाईंनी करावी, कारण त्या स्वतःच्या आत्यालाही सूट देत नाहीत. मतदान झालं. विरोधात एकच हात वर आला, आणि तो माणूस दर वेळी विरोधात हात वर करी.

आत्या बैठकीला आली नव्हती. व्हर्नाने तिला त्याच संध्याकाळी फोन केला आणि काय झालं ते सांगितलं. एप्रिलपर्यंतच, हेही सांगितलं. वसंतात पुन्हा आकडे बघतील, काही खात्री नाही. पलीकडे स्टोव्हवर किटली उकळत असल्याचं ऐकू येत होतं.

"जीनो सांगून गेला मगाशी," आत्या म्हणाली. "तू सगळ्यांसमोर उभी राहून तुझी चूक वाचलीस म्हणाला. त्याला पटलेलं नाही अजून."

"आणि तुला?"

"मला राग आहे. तो राहील थोडे दिवस." ती थांबली. "शनिवारी तुझा नवरा मोकळा आहे का?"

"का गं?"

"थंडीत खिडक्यांवर बसवायच्या जादा काचा तळघरातून वर काढायच्यात. आठही खिडक्यांना. उत्तरेकडच्या आधी लावायच्या, तिकडून सरोवराचा वारा येतो. आणि त्याला सांग, शिडी स्वतःची आण."