कोबाल्टचा बंध

डाव्या पायातली चप्पल फाटकापाशीच सुटून पडली होती आणि पुष्पांजली एकाच चपलेनं भाजीच्या गाडीपर्यंत पोचली होती.

"बाई, तुमची एक चप्पल कुठी राह्यली?" भाजीवालीनं विचारलं.

पुष्पांजलीनं खाली पाहिलं. उन्हाळ्याची दुपार होती, डांबर तापलेलं होतं आणि उघडा पाय त्या डांबरावर टेकलेला होता. तिला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. ती तशीच परत आली, फाटकातली चप्पल उचलली आणि घरात येऊन नवऱ्याला हसत हसत सांगितलं.

वैजनाथ चोपडे पेपर तपासत बसले होते. तेही हसले. "आता तुले शाळेच्या पोरीसारखे बंदाचे बूट घेऊन देतो," ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले. तळपायाला आलेला फोड दोघांनी संध्याकाळी पाहिला.

वैजनाथ सर खामगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. मूळचे देऊळघाटचे, शेतकऱ्याच्या घरातले. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला धातू आणि कार्बन यांच्यातल्या बंधांचा विषय त्यांच्याकडे कितीतरी वर्षं होता. दुसरं कोणी तो घ्यायला तयार नसे, आणि त्यांनाही तो सोडवत नसे. पुष्पांजली पिंपळगाव राजाची. गल्लीतल्या बायका तिच्याकडून ब्लाउज शिवून घेत, कारण तिची बाही कधी चुकत नसे. दोन्ही घरं माळकरी. मांस-अंड्याचा प्रश्नच नव्हता. दूध होतं, पण पित्ताचा त्रास सुरू झाल्यापासून तिनं तेही सोडलं होतं. रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची एक गोळी आणि गुरुवारचा उपास, हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

पायाला मुंग्या येतात म्हणून ती गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेली होती. त्यांनी मानेचा मणका सांगितला. पट्टा दिला, कॅल्शियम दिलं, रक्तवाढीचं टॉनिक दिलं. टॉनिकनं रक्त बरं झालं, त्यामुळे सगळ्यांनाच हायसं वाटलं. मुंग्या राहिल्या. मग मुंग्याही गेल्या आणि त्या जागी काहीच राहिलं नाही. ती म्हणायची, "पायात मोजे घातल्यासारखं वाटते." तोंडाला साबण लावून डोळे मिटले की ती भिंतीला जाऊन आदळायची. देवापुढं हात जोडतानाही एक हात कपाटाला धरून ठेवायची. वैजनाथ सरांनी ते पाहिलं होतं. त्यांना वाटलं, वय झालं, अशक्तपणा असेल, उपास कमी करायला सांगू. सांगितलंही. तिनं ऐकलं नाही, आणि त्यांनी फार लावून धरलं नाही.

जुलैत वर्ग सुरू झाले. त्या दिवशी सरांनी फळ्याच्या मधोमध कोबाल्टचा अणू काढला आणि त्याच्या भोवती कंस, रेघा, बाण काढत गेले.

"धातू अन् कार्बन यांचा सरळ बंध. आपण इतके दिवस प्रयोगशाळेतले पाहिले. हा शरीरातला आहे. बी-बारा जीवनसत्त्व. मोजा आता. कोबाल्टपाशी स्वतःचे सहा इलेक्ट्रॉन. चार बाजूंचे चार नायट्रोजन, दोन-दोन दिले, आठ. खालून एक नायट्रोजन, दोन. वरून हा मिथाइल, त्याचे दोन. किती झाले?"

"अठरा," वर्ग म्हणाला.

"अठरा. सगळी घरं भरली. म्हणून हा रेणू टिकतो."

हे मोजणं त्यांचं फार आवडतं होतं. विद्यार्थी असताना पहिल्यांदा ते कळलं तेव्हा ते रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर नुसते फिरत राहिले होते. एखादी गोष्ट टिकेल की मोडेल, हे कागदावर मोजून सांगता येतं, याचं त्यांना अजूनही नवल वाटत असे. देऊळघाटच्या शेतीत त्यांनी जे पाहिलं होतं त्यात असं कशाचंच काही सांगता येत नव्हतं.

पहिल्या बाकावरच्या राखीनं हात वर केला. "सर, हे कमी पडलं तर काय होते?"

"परीक्षेत विचारत नाहीत. पण सांगतो." सर फळ्याकडे पाठ करून उभे राहिले. हे त्यांना पाठ होतं, दर वर्षी कोणीतरी विचारायचंच. "रक्त कमी होतं. जीभ लाल होते. हातापायांना मुंग्या. मग पायाखालची जमीन कळत नाही. माणूस डोळ्यांनी पाहून चालतो, म्हणून डोळे मिटले की त्याचा तोल..."

ते थांबले.

वर्ग वाट पाहत होता. कोणीतरी पेनाचं टोपण लावलं. राखी म्हणाली, "सर, तोल काय?"

"तोल जातो," सर म्हणाले. त्यांनी खडू फळ्याच्या कडेवर ठेवला. "आजचं इथंच थांबवू."

तास संपायला अजून बराच वेळ होता. मुलं एकमेकांकडे पाहत राहिली. सर स्टाफरूममध्ये गेले नाहीत, सरळ स्कूटर काढून घरी आले.

पुष्पांजली ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. त्यांना अवेळी पाहून ती म्हणाली, "काऊन? कॉलेजले सुट्टी झाली काय?"

"उभी राह्य जरा. पाय जवळ घे."

"कायले?"

"घे तं खरं. आता डोळे मिट."

तिनं हसत डोळे मिटले. क्षणभर ती उभी राहिली, मग कापायला लागली आणि झाड कलंडावं तशी पुढं आली. त्यांनी तिला धरलं. तिचं सगळं वजन त्यांच्या छातीवर आलं. तिनं डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं.

"काय झालं मले?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. बी-बाराचा आकडा, मशीन जिथपासून मोजायला सुरुवात करतं त्याच्याही खाली होता. त्या आठवड्यात ते अकोल्याला नसांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी पुष्पांजलीला पलंगावर निजवलं आणि लोखंडाचा एक दुबेळका चिमटा, शाळेत ध्वनीच्या प्रयोगाला असतो तसा, हाताच्या कडेवर आपटून तिच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला.

"हे थरथरतं. थरथर कळली की सांगा."

"नाई कळत."

घोट्यावर टेकवला. "नाई." गुडघ्याखालच्या हाडावर. "नाई जी." कमरेच्या हाडावर. तिनं बराच विचार केला आणि मान हलवली. मग डॉक्टरांनी तो कपाळावर टेकवला.

"हाव, इथं वाजते," ती म्हणाली. शेवटी एक उत्तर जमल्यासारखी ती खूश झाली आणि तिनं वैजनाथ सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

मणक्याचा फोटो काढून झाल्यावर डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. "इंजेक्शनं आजच सुरू करू. दूध सोडलेलं, पित्ताची गोळी, शिवाय पोटही हे जीवनसत्त्व नीट शोषत नसावं. टॉनिकमुळे रक्त चांगलं दिसत राहिलं, म्हणून लक्षात आलं नाही. आता अशक्तपणा जाईल. पण कण्यातल्या नसांचं नक्की सांगता येत नाही. वर्षभरात जे परत यायचं ते येतं. पुढं मग फारसं येत नाही."

"किती येईल?" सरांनी विचारलं.

"सांगता येत नाही. आधी आला असतात तर..." डॉक्टरांनी पेन उचललं. "तुम्ही काय करता, सर?"

"केमिस्ट्री शिकवतो."

"मग तुम्हाला हे माहीतच असेल," डॉक्टर सहज म्हणाले आणि औषध लिहायला लागले.

"हो," वैजनाथ सर म्हणाले.

इंजेक्शनं सुरू झाली. लाल रंगाचं पाणी, गडद काचेच्या कुपीत. ते लाल का असतं हे सरांना ठाऊक होतं. कुपी गडद का, तेही ठाऊक होतं. उजेड लागला की कोबाल्ट आणि मिथाइल यांच्यातला बंध तुटतो. कुपी दवाखान्यापर्यंत नेताना ते ती रुमालात गुंडाळत. नर्स म्हणायची, "सर, एवढ्यानं काई होत नाई." ते मान हलवत आणि पुढच्या वेळी पुन्हा रुमालात आणत. त्यांच्या हातात तेवढंच होतं.

दिवाळीपर्यंत तिची लाल झालेली जीभ बरी झाली, तोंडावर तेज आलं. भेटायला येणारे म्हणायचे, बाई आता छान दिसतात. पुण्याहून रेवती, त्यांची मुलगी, फोनवर विचारायची, "आई, आता पाय कळतात ना?"

"कळतात थोडे थोडे," पुष्पांजली सांगायची आणि फोन ठेवल्यावर नवऱ्याकडे पाहायची नाही.

एकदा तिनं विचारलं, "त्या इंजेक्शनात काय असते म्हनता तुमी?"

सरांनी कागद ओढला. मधोमध कोबाल्ट, चार नायट्रोजन, वर मिथाइल. ती लक्ष देऊन पाहत होती. त्यांचं शिकवणं तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

"मंग ते पायापर्यंत काऊन नाई जात?"

"जाते. सगळीकडे जाते. पन नसांवरचं जे अस्तर गेलं, ते त्यानं परत येईलच असं नाई."

"ब्लाउजचं अस्तर असतं तं मी नवं लावून देल्लं असतं," ती म्हणाली. सर हसले नाहीत, म्हणून तीच थोडी हसली.

संक्रांतीच्या आधी तिनं शिवणाचं मशीन उघडलं. शेजारच्या गोजरबाईंच्या घरी लग्न होतं, त्यांनी पिवळं रेशमी कापड आणून दिलं होतं. नको म्हणायचं तिच्या जिवावर आलं. सर आतल्या खोलीत वाचत होते. मशीनचा आवाज सुरू झाला, थांबला, खूप जोरात सुरू झाला, पुन्हा थांबला. पायाचा दाब तिला कळत नव्हता. मग बराच वेळ आवाज आला नाही. ते बाहेर आले तेव्हा ती कापडाकडे पाहत बसली होती. पिवळ्या रेशमावर लाल ठिपका पसरत होता.

"हे कुठून आलं म्हनून मी पाहून राह्यली," ती म्हणाली.

तिच्या बोटात सुई आरपार होती. बोटांचीही जाणीव गेली होती, हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी सुई काढली, बोट धुतलं, पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी तसंच पिवळं कापड त्यांनी बाजारातून आणलं. ते घेऊन पुष्पांजली स्वतः गोजरबाईंकडे गेली, भिंतीला हात लावत. "माह्याच्यानं नाई होत आता, बाई. दुसरीकडे टाका," एवढंच म्हणाली. परत आल्यावर तिनं मशीनवर जुनी चादर घातली.

"छकुलीले देऊन टाका हे," ती म्हणाली. छकुली तिच्या भावाची मुलगी, पिंपळगावात शिवण शिकत होती.

"राहू दे. वर्ष व्हायचं आहे अजून. डॉक्टर म्हनले न वर्षभरात..."

"तुमी मोजत राहा," ती म्हणाली. रागानं नाही. "मी देऊन राह्यली."

त्या रविवारी छकुली आणि तिचा बाप टेम्पो घेऊन आले. मशीन चढवताना पुष्पांजली दारात उभी राहून सांगत होती, तेल कुठं घालायचं, कोणत्या कापडाला कोणती सुई. बोलताना तिचे हात हवेत बाही कापत होते.

चालण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, पाय कळत नसले तर डोळ्यांनी बघायचे. पाऊल टाकायचं, पाहायचं, मग दुसरं टाकायचं. रोज संध्याकाळी ते दोघं कॉलेजच्या मागच्या रस्त्यानं फिरायला जात. ती त्यांचा दंड धरून चालायची, मान खाली घालून, स्वतःच्या पावलांवर नजर ठेवून. समोरून येणारे ओळखीचे लोक नमस्कार करत. सर नमस्कार घेत आणि कोण गेलं ते तिला सांगत.

त्या संध्याकाळी जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या एकामागून एक रस्त्यानं गेल्या होत्या. दुपारी दोघं अकोल्याला जाऊन आले होते. डॉक्टरांनी पुन्हा तो चिमटा पायाला, घोट्याला, गुडघ्याला लावून पाहिला होता आणि पुढची तारीख लांबची दिली होती.

"बाभळी आल्या काय?" पुष्पांजलीनं विचारलं.

"आल्या."

"कापूस अडकला असन काट्यायले. आमी लहानपनी वेचून आनो, फुलवातीसाठी."

सरांनी वर पाहिलं. गाड्यांमधून उडालेला कापूस दोन्ही बाजूंच्या बाभळींवर फांदीफांदीला लागला होता आणि मावळतीचं ऊन त्यात शिरलं होतं.

"थांबू या. पाह्यतं काय?" त्यांनी विचारलं.

"नोको. थांबलं की पाय कुठी हायेत तेच समजत नाई, मंग भेव लागते. चालता चालता तुमीच सांगा."

तिनं पाऊल टाकलं, त्याच्याकडे पाहिलं, दुसरं टाकलं.

"खूप लागला आहे," सर म्हणाले. "खालपासून शेंड्यापर्यंत. या डाव्या हाताच्या झाडाले तं पानंच दिसत नाईत."

"हं," ती म्हणाली. "अजून?"


ते पुढच्या झाडाचं सांगायला लागले.