वळणाआधी मला सोडा

मित्रांनो, बिजलाआबांची ती बुटकी, चार जाड चाकांची गाडी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. तिच्यावर बसायला मिळावे म्हणून तुम्ही भांडताही. मला मात्र कोणी पाहिलेले नाही. मी तिच्या पुढच्या दोन चाकांच्या मधे, लोखंडी डब्यात, तेलात बुडालेले एक जुने लॉक आहे. मला दात आहेत आणि माझा स्वभाव हट्टी आहे. एकदा धरले की मी आपणहून सोडत नाही. म्हणूनच आज मला भीती वाटते आहे.

या डब्यात माझा एक शेजारी राहतो, डिफरन्शियल. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबून जावे लागते, आतल्याला जवळून. हा दोघांनाही आपापल्या वेगाने फिरू देतो. गुणी आहे बिचारा, पण भोळा. फोर व्हील ड्राइव्हचे बटण दाबले की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही मिळतो. पण त्यातले एक चिखलात रुतले, की हा सगळा जोर त्या गरागरा फिरणाऱ्या चाकालाच देऊन बसतो. दगडावरचे चाक जागचे हलत नाही. मग माझी पाळी येते. हँडलच्या डाव्या बाजूची पिवळी दांडी दाबून धरली, की मी दोन्ही चाके एकत्र जखडते. दोन्ही बरोबर फिरतात आणि गाडी वर निघते. दांडी सोडली की मी सुटते.

आमची सुरुवात धुळ्याजवळच्या एका सहलीच्या बागेत झाली. आबा तिथे राखणदार होते. बाग बंद पडली, मालकाने गाडी आबांनाच देऊन टाकली आणि ते तिला सातपुड्याच्या पायथ्याशी, आपल्या गावी घेऊन आले. त्यांची मुलगी हेमलता इथली आशाताई. लशींचा डबा मांडीवर घेऊन ती मागे बसते आणि बापलेक नाला ओलांडून पाड्यापाड्यांवर जातात. एका श्रावणात बाळंतपणात अडलेल्या, पाड्यावरच्या लताबाईंना आम्ही त्याच नाल्यातून दवाखान्यात पोहोचवले. सगळा पाडा गाडीवरून हात फिरवत होता. माझे नाव कोणी घेतले नाही, तरी मी फार खूश झाले होते.

पण आबांच्या डाव्या हाताची दोन बोटे मळणीयंत्रात गेलेली. नाला संपेपर्यंत दांडी दाबून धरायची म्हणजे हात भरून येई. एके दिवशी त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली आणि दाबलेली दांडी हँडलला बांधून टाकली. म्हणाले, "त्या बाजूले गऊ का सोडी दिसू."

त्या बाजूला गेल्यावर ते विसरले. काहीच बिघडले नाही. मग ते रोजच विसरू लागले, आणि ट्यूब तिथेच राहिली.

मातीच्या वाटेवर हे निभावले. चाक थोडे घसरते आणि ओढाताण मातीत जिरते. यंदा तुमच्या शाळेपासून खाली सिमेंटचा रस्ता झाला. त्यावर नाल्याच्या कड्याशी एक तीव्र वळण आहे, कठडा नाही. मी जखडलेले असले की चाकांना वळायचे नसते, सरळ जायचे असते. हँडल जड झाले. सिमेंटवर काळे पट्टे उमटू लागले.

"आबा, वळताना चाकं किती रडतस!" हेमलता एकदा म्हणाली.

"जुनी गाडी शे, पोरी. आवाज करसच."

गेल्या मंगळवारी वळणावर बारीक वाळू पडली होती. आबांनी हँडल वळवले आणि गाडी सरळ गेली. मी सुटायची धडपड केली, पण दांडी बांधलेली. कड्यावरच्या सागाच्या खोडाला अडकून आम्ही थांबलो. पुढचे एक चाक खाली काही नसलेल्या जागी लटकत होते. हेमलताने डबा छातीशी धरला होता आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

आबा खाली उतरले, चाकांकडे पाहून त्यांनी हात जोडले. "चाकं बांधेल व्हतात म्हनीसन वाचनूत," ते म्हणाले, आणि त्यांनी ट्यूबला आणखी एक वेढा दिला. मित्रांनो, मला त्या वेळी रडू आले. ज्याने मारायला नेले, त्यालाच ते हात जोडत होते.

आज पुन्हा मंगळवार आहे. गाडी तुमच्या शाळेसमोर उभी आहे आणि रस्त्यावर वाळू तशीच आहे. ते सागाचे खोड परवा कोणीतरी सरपणाला तोडून नेले.

गाडीची काळजी घ्या म्हणजे ती धुवा, पुसा, तेल घाला, असे तुम्हाला शिकवतात. मला यातले काहीही नको. तुमच्यापैकी एकाने पुढे यावे, आबांच्या डाव्या हाताकडे बोट दाखवावे आणि म्हणावे, "आबा, आधी ती ट्यूब सोडा." ते रागावतील. रागावू द्या. पण लवकर या. हेमलता डबा घेऊन मागे बसली आहे, आबांनी किल्ली फिरवली आहे, आणि वळण इथून शंभर पावलांवर आहे.